सरांना विचारायचा प्रश्न

काकूंचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. "सर नीट जेवत नाहीत गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग जळगावच्या उन्हाबद्दल बोलत बसल्या. काकू म्हणजे माझ्या सरांच्या पत्नी; सर निवृत्त झाल्यापासून दोघं जळगावला राहतात. ज्या बाईने आजवर मला कधी कामाच्या वेळी फोन केला नाही, ती ऊन किती आहे हे सांगायला फोन करणार नाही. मी दुपारचं व्याख्यान सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं आणि धुळ्याहून गाडी काढली.

सर आमच्या भागातले पहिले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या आधी भ्रमिष्ट झालेल्या माणसाला देवाच्या दारी बांधायचं नाहीतर घरात कोंडायचं, एवढेच उपचार होते. मुंबईत शिकून, तिथेच बस्तान बसण्याची वेळ आलेली असताना हा माणूस धुळ्याला परत आला, तेव्हा भाऊबंद म्हणाले, आधी याचंच डोकं तपासा. रुग्णालयात त्यांना कोपऱ्यातली एक खोली मिळाली. बाहेर 'मनोविकार' अशी पाटी लागली आणि त्या पाटीखाली कुणी उभं राहीना. लोक शेजारच्या त्वचारोगाच्या रांगेत उभे राहायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून हळूच इकडे सरकायचे. पाटीवर 'झोप व डोकेदुखी' असं काहीतरी लिहा, असं वरिष्ठांनीही सुचवलं. सर म्हणाले, "खरूज झाली हे सांगायला लाज वाटत नाही, मग याची का वाटावी?" पाटी तीच राहिली. पुढे त्या खोलीचा वॉर्ड झाला, वॉर्डाचा विभाग झाला, सर प्राध्यापक झाले आणि आम्ही त्यांचे विद्यार्थी.

शिकवायचे ते टोचून टोचून. सुरुवातीलाच मी वॉर्डात दाखल असलेल्या एका तरुण शिक्षकाशी बोलत होते. काही दिवसांपासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. "आता बरं वाटतंय ना?" मी विचारलं. मागून सरांचा आवाज आला, "लग्नाला आलीस का ख्यालीखुशाली विचारायला? मरावंसं वाटतं का, ते विचार त्याला." मी चाचरत झोपेचं विचारलं. मग ते स्वतः त्याच्या खाटेवर टेकले आणि खानदेशीत बोलायला लागले, शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखे. तो माणूस घळाघळा रडला आणि सगळं बोलला. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "विचारल्याने कुणी मरत नाही. आणि विचारायचं ते त्याच्या बोलीत. पुस्तकी मराठीत विचारलं की माणूस पुस्तकी उत्तर देतो."

एरंडोल मागे पडलं तरी मी स्वतःला समजावत होते. वय झालंय, ऊन आहे, मुलं परदेशात, माणूस कंटाळतोच. रुग्णांचे नातेवाईक माझ्यासमोर बसून जे बोलतात, तेच सगळं मी गाडीत बसून बोलत होते.

सर कूलरसमोर खुर्चीत बसले होते. अॅप्रनला एक सुरकुती दिसली तरी आम्हाला वर्गाबाहेर काढणारा हा माणूस. दाढी वाढलेली, बनियनवर डाळीचे डाग. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. मला बघून हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी खुर्ची ओढून जवळ बसले. झोप, भूक, वजन, एकेक विचारत गेले. मग धीर करून म्हटलं, "सर, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटतं का कधी?"

"छे छे," सर म्हणाले. "उन्हाने जरा थकवा आलाय, इतकंच. तुझा विभाग काय म्हणतो?"

मला राग आला. त्यांचा आला आणि त्याहून जास्त माझा, कारण मीही लग्नाला आल्यासारखीच विचारत होते. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, तिथे सगळे खानदेशीच बोलणारे. सरांशी मी त्या बोलीत कधी एक अक्षर बोलले नव्हते. धाडसच झालं नव्हतं. आता त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "सर, खरं सांगा. तुमले मरी जावो अशे वाटस का?"

त्यांनी तोंड कूलरकडे फिरवलं. मग म्हणाले, "वाटस, माय. रोज वाटस. मन्हा जीव कटाळी गया."

आयुष्यात हे वाक्य मी कितीतरी लोकांकडून ऐकलंय. त्या दिवशी मात्र मी डॉक्टर राहिले नाही, मला सरळ रडू आलं. सरांनीच माझ्यापुढे पाण्याचा तांब्या केला.

मी म्हटलं, आजच्या आज माझ्यासोबत धुळ्याला चला, दाखल व्हा. तर ते एकदम ताठ झाले. "तिथे? त्या वॉर्डात मला ओळखत नाही असा एक तरी शिपाई आहे का? न्यायचंच असेल तर नाशिकला ने. दुसऱ्या नावाने ठेव. आणि हिला काही सांगू नको."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मी म्हटलं. गुरूला असं बोलू नये, पण बोलले. "सर, काकूंना सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर हलला असतात का?"

काकू दारातच उभ्या होत्या. हातात कापलेल्या कलिंगडाची ताटली. त्यांनी ती शांतपणे टीपॉयवर ठेवली.

"मला काय सांगायचंय?" त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून मी न्हाणीचं दार लोटून घेत नाही. दोन तांबे अंगावर ओतते आणि कान इकडे लावून असते. भाजी आणायला गेले तर शेजारच्या अक्कांना काहीतरी निमित्त काढून इथे बसवून जाते."

सर त्यांच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं? मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही हो म्हणाला असतात, तर?" काकू म्हणाल्या. "मग मी एकटीने काय करायचं होतं?"

आम्ही दोघांनी मिळून किती विद्यार्थ्यांना तो प्रश्न विचारायला शिकवलं असेल! घरातल्या माणसाने तो विचारायचा, उत्तर ऐकायचं आणि मग त्याच घरात भाकरी थापायला बसायचं, हे कसं, ते आमच्यापैकी कुणी कधी शिकवलं नव्हतं.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "धुळ्याले चाल." नाशिकचं नाव परत निघालं नाही.

काकूंनी दोघांचे कपडे पिशवीत भरले. मग मला म्हणाल्या, "तू बसली आहेस ना यांच्यापाशी? मग मी जरा आंघोळ करून घेते."

त्या आत गेल्या. न्हाणीचं दार लागलं आणि पाठोपाठ कडी घातल्याचा आवाज आला. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ते मोठ्याने रडायला लागले. आत पाणी कितीतरी वेळ वाजत होतं.