स्तामातियाची दुपार

माझी मुलगी स्तामातिया वेडी झाली नव्हती. हे आधीच लिहून ठेवते, कारण ग्रीसमधल्या आमच्या लेस्बोस बेटावर तसं म्हणणारे अजून आहेत.

चौतीस वर्षांची आहे. पंधरा वर्षं थिमिओसच्या बेकरीत रात्री अकरापासून कणीक मळते, सकाळी तासभर गिऱ्हाईक बघते आणि आठला केसांत पीठ घेऊन घरी येते. यंदा उन्हाळ्यात शेजारच्या घराचं छप्पर उतरवायला घेतलं. हातोडे नेमके साडेआठला सुरू. वर कलिंगडवाल्याचा भोंगा. महिनाभर तिला दोन तासांच्या वर झोप नव्हती.

मग तिचं तंत्र बिघडलं. गल्लीतल्या पानायोताचा नवरा वारला, त्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना, ती खो-खो हसली. दोन दिवसांनी पाव करपला म्हणून हुंदके देऊन रडली. शुक्रवारी एका बाईने पाव दाबून "कालचा दिसतोय" म्हटलं, तर तो तिच्याच अंगावर फेकला.

थिमिओसने सुनावलं, "पुन्हा असं झालं तर येऊ नकोस."

दृष्टच लागली असणार! कॉलेजात शिकलेली मी, पण शनिवारी सकाळी दहाला दृष्ट काढणाऱ्या मारूसोबाईंना बोलावून आणलं. पोरीचा नुकता कुठे डोळा लागला होता. बाईंनी तिच्या उशाशी बसून वाटीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडले. थेंब पसरले.

"बघ, केवढी लागलीय!" म्हणत त्या मंत्र पुटपुटू लागल्या आणि जांभयांवर जांभया देऊ लागल्या. जितक्या जांभया तितकी दृष्ट कडक, असं आमच्याकडे मानतात.

स्तामातिया उठून बसली. "मावशी, जांभया तुम्ही देताय आणि झोप माझी जातेय!"

"तोंड सांभाळ. तुझ्याच भल्याचं करतेय."

"दुपारी तीनला आला असता?"

"दुपारी? लोक निजलेले असताना कुणाचं दार वाजवायला मला काय लाज नाही?"

"मग ही माझी दुपार आहे. आणि आई, नऊ वाजता अंगणात बादल्या कोण आपटतं गं?"

बादल्या माझ्याच होत्या.

सोमवारी मी खुर्ची घेऊन गल्लीत बसले. कलिंगडवाल्याच्या गाडीपुढे उभी राहिले आणि भोंगा बंद करवला. मग छपरावर हातोडा चालवणाऱ्या लिओनिदासला हाक मारून सांगितलं, थांबव, माझ्या पोरीची ही दुपार आहे.

"काकू, सकाळी नऊला कसली दुपार?" तो वरूनच हसला.

"आज न्याहारीला काय खाल्लंस?"

"पाव."

"कुणी केला?"

तो डोकं खाजवायला लागला.

"तिला झोपू दे. नाहीतर उद्यापासून कौलं चाव!"

दुसऱ्या दिवसापासून तोडफोड संध्याकाळी पाचनंतर, सकाळी बिनआवाजाची कामं. स्तामातिया रोज सहा तास झोपू लागली. पहिल्याच रविवारी ती आपणहून पानायोताकडे गेली, माफी मागितली आणि दोघी मिळून रडल्या.

पुढच्या शुक्रवारी तीच बाई बेकरीत आली. पुन्हा पाव दाबला. "कालचा दिसतोय." थिमिओसने आतून मान बाहेर काढली.

"आजचाच आहे, बाई," स्तामातिया शांतपणे म्हणाली, "पण दाबलात ना, आता हाच घरी न्यायचा."

थिमिओसने मान आत घेतली.

मारूसोबाई गावभर सांगतात, "माझ्या तेलाने दृष्ट उतरली." सांगोत. उद्या नऊला माझी खुर्ची गल्लीतच असेल.