पुसून टाकलेली जाळी

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट वगळूनच पुटपुटतो — जणू त्याला कळलेलंच नसेल. तुमची माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जीभ रेटेल. रेटली तर बरं.

सिंदेवाहीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट, आधारचा फोटो अंधारा आला म्हणून कुरकुरणारी माणसं — सगळं चालतं. कॉम्प्युटरवर फोटो सुधारण्यात माझा हात चांगला बसलेला आहे. नवरदेवाच्या मुरमांचा मी आजवर जितका नायनाट केला तितका कुठल्या मलमाने केला नसेल. एका लग्नात नवरीच्या मामांचे डोळे नेमके मिटलेले आले, ते मी दुसऱ्या फोटोतून उचलून बसवले. मामा खूश. डोळे त्यांचेच होते, मग त्यात खोटं काय? असंच मला वाटायचं. खरं सांगायचं तर बरीच वर्षं वाटायचं.

पण मी मामांचं सांगायला बसलेलो नाही.

आमच्याकडे वनखात्याच्या गार्डबाई होत्या, कुसुम त्यांचं नाव. वय तिशीच्या आत, सायकलवर अख्खा बीट, म्हणजे त्यांच्या वाट्याचं जंगल, फिरायच्या. त्यांच्या बीटातल्या एका गावात — नाव नका विचारू — एका वाघिणीने मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसाला मारलं. वाघिणीचा डावा कान फाटलेला होता, म्हणून गाव तिला कानतुटी म्हणायचं. आमच्या भागात वाघ असा ओळखला जातो, शेजारच्या बैलासारखा. खात्याने तिला पकडलं आणि दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात कायमचं ठेवलं. कुसुमबाई गाडीसोबत तिथपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि गावासमोर मेलेल्या माणसाच्या बायकोला, सुमित्राबाईला म्हणाल्या, "बाई, माह्या डोयासमोर कुलूप लागलं. थे आता येत नाई."

त्या एका वाक्यावर ते गाव पुन्हा जंगलात जायला लागलं. हे तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण पुढे मी जे केलं ते ह्या वाक्याचं केलं.

सुमित्राबाईचं मन मात्र मानत नव्हतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारायची, हाय ना थे तिथीच? मग कुसुमबाई स्वतःची सुट्टी टाकून, एसटीने जाऊन वाघीण बघून यायच्या. एवढं कोण करतं? त्यांनी मोबाईलवर फोटोही काढून आणला होता, पण मोबाईलचा फोकस जाळीवर अडकला. जाळी स्पष्ट, आणि मागे पिवळा डाग. सुमित्राबाई म्हणाली, हे त पोतं बी असू शकते. म्हणून कुसुमबाई माझ्याकडे आल्या. भाऊ, एक रविवार द्या, मोठ्या कॅमेऱ्याने काढून द्या, कान बी दिसला पायजे अन् जाळी बी.

कान बी आणि जाळी बी. काम एवढंच होतं.

गेलो. आणि काय सांगू तुम्हाला — मला ते वेडच लागलं! लग्नातली माणसं हसा म्हटलं की हसतात, वाघीण कशाला हसेल? पहिले कितीतरी फोटो नुसत्या जाळीचेच आले. तिथले एक म्हातारे राखणदार होते, त्यांनी सांगितलं, उभे राहू नका, बसा, तिच्या डोळ्याच्या उंचीला या. मग माझं मीच शिकत गेलो. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, जनावर जाळीपासून लांब असताना काढायचं, तर जाळी विरघळून जाते. सकाळी उघडल्या उघडल्या जायचं, तेव्हा ऊन तिरपं असतं. पिंजऱ्यातलं जनावर एकाच रस्त्याने येरझारा घालतं, तो रस्ता पाठ करून ठेवायचा आणि वळणावर वाट बघायची. कुसुमबाईंच्या सोबत एकदाच गेलो, पण नंतर माझा मी कितीतरी रविवार गेलो. अस्वल काढलं, तरस काढलं, नीलगाय काढली. पंचेचाळिशीत माणसाला नवं काही येऊ लागलं की किती बरं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कुसुमबाईंना हवा होता तो फोटो पहिल्याच खेपेला, त्या सोबत असतानाच मिळाला होता. जाळीमागे कानतुटी, फाटका कान उन्हात, नजर सरळ माझ्यावर. जाळीही दिसत होती, हवी तेवढी. प्रिंट काढून द्यायची — पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, जरा नीटनेटका करून देतो.

आणि करायला बसलो. आधी जाळी पुसली. नुसतं बघायला, जमतं का. तारेमागून तार पुसत गेलो तशी वाघीण मोकळी होत गेली. अंगावर जाळीची सावली होती, ती पट्ट्यांत मिसळवली. पायाखाली येरझारांनी झिजलेली वाट होती, तिच्यावर गवत आणलं. मागची सिमेंटची भिंत मात्र जाईना, तेव्हा माझ्याकडचीच एक जागा टाकली — सुमित्राबाईच्याच गावची बोडी, म्हणजे गावतळं. काठच्या बांधावर, पाळीवर, वाकलेलं अर्जुनाचं झाड, पलीकडे धानाचे बांध. एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो मी तिथे काढले होते, जोडपं काढून टाकलं की जागा तयार. मी जागा निवडताना प्रकाश जुळतो का एवढंच बघितलं. गाव कुणाचं, हे डोक्यात आलं नाही. आलं होतं का? आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

कान मला सुधारता आला असता. मामांचे डोळे बसवणाऱ्याला एक कान काय जड होता? पण फाटका कान जंगली दिसत होता. म्हणून ठेवला.

तो फोटो मी स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, आमच्या परिसराचं वैभव. कुणीतरी विचारलं, कुठे? मी बोडीच्या गावाचं नाव लिहिलं. झालं. दोन दिवसांत तालुकाभर फिरला. एका कार्यक्रमात मोठा करून लावला, मला शाल-नारळ दिलं, निवेदकाने वन्यजीव छायाचित्रकार म्हणून नाव पुकारलं आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं. कुसुमबाईंनी जाळीतल्या फोटोचं विचारलं तेव्हा सांगितलं, थोडं काम राहिलंय, देतो.

आठवड्याने गावाहून बोलावणं आलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा. मला वाटलं, सत्कारच असेल — हसू नका, खरंच वाटलं. चांगला शर्ट घालून गेलो.

ओट्यावर कुसुमबाई गणवेशात उभ्या होत्या आणि समोर सारं गाव बसलेलं. बाया पुढे. मोहाचे दिवस, सकाळी जंगलात असायला हव्या त्या बाया. कुणाच्या तरी मोबाईलवर माझा फोटो होता. गावाने बोडी ओळखली होती, झाड ओळखलं होतं, कान ओळखला होता. वाघीण सोडून दिली आणि गार्डबाई आपल्याला खोटं सांगते, असा साऱ्यांचा निष्कर्ष. दुसरा काय निघणार?

मला बघितल्यावर कुसुमबाईंचा चेहरा एकदम सैल पडला. आला माझा माणूस, असा. म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा याहिले. आपन संगंच गेलतो ना? थो जाळीतला फोटो दाखवा."

सारं गाव माझ्याकडे वळलं. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई खरं बोलतात, मी जाळी पुसली. दहा शब्दसुद्धा नाहीत. फोटो तर माझ्या खिशातल्या मोबाईलमध्येच होता, मांडीला लागत होता. पण मला शाल दिसली. निवेदकाचा आवाज ऐकू आला. उद्या चौकात लोक काय म्हणतील ते ऐकू आलं. मी म्हणालो, "थो फोटो निंगला नाई बाई. कार्ड खराब झालं. हा बोडीवरचाच होय."

तोंडातून ते किती सहज निघालं, याची मला आजही भीती वाटते. अडखळलोसुद्धा नाही.

सुमित्राबाई पुढेच बसली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. "मंग आली म्हनाची परत," एवढं म्हणाली आणि पदर सारखा करून उठून गेली.

मी गाडीपाशी आलो तशा कुसुमबाई मागे आल्या. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी आजन्म त्या शिव्यांचा आधार घेतला असता. त्या म्हणाल्या, "काऊन, भाऊ? काऊन केलं असं?" मी चावी शोधत राहिलो. चावी गाडीलाच होती.

दोन दिवसांत निवळेल, असं मी स्वतःला सांगितलं. नाही निवळलं. वनखात्याचे साहेब लोक पिंजऱ्यातल्या कानतुटीचा ताजा फोटो घेऊन आले, तर गाव म्हणालं, साहेबाचा फोटो खोटा, आपल्या स्टुडिओवाल्याचा खरा. त्या वर्षी बायांनी मोह वेचला नाही. झाडाखाली फुलं सडून गेली. आणि कुसुमबाईंचं ऐकणं गावाने सोडलं. आज नाल्याकडे जाऊ नका म्हटलं तर मुद्दाम जायचे. गार्डचं ऐकत नाहीत तिथे गार्ड काय करणार? त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली, गोदावरीच्या काठाला. जाताना त्या माझ्या स्टुडिओवरूनच गेल्या असतील, बसस्टँडचा रस्ता तोच. मी त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर थांबलो असतो.

सुमित्राबाईला एक मुलगी, पायल. नववीत होती. शेजारच्या गावच्या शाळेत सायकलने जायची आणि रस्ता बोडीच्या पाळीवरून. दुसरा रस्ता नाही. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून सुमित्राबाईने तिला घरी बसवलं. नवऱ्याला नेलं त्या वाघिणीच्या वाटेवर कोण आई पोरीला पाठवेल? मास्तर येऊन समजावून गेले, ती ऐकेना. हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या दुकानात बसूनच कुणीतरी सांगितलं, मी मान हलवली आणि पासपोर्टचे फोटो कापत राहिलो. तेव्हासुद्धा वेळ होती. जाळीतल्या फोटोची एक प्रिंट घेऊन त्या गावात जायचं होतं. सायकल पुन्हा पाळीवर आली असती. मी गेलो नाही. पायल दहावीला बसलीच नाही, आणि अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिचं लग्न ठरलं.

लग्नाचे फोटो माझ्याकडे आले. येणारच, मी नावाजलेला.

लग्नानंतर सुमित्राबाई स्वतः स्टुडिओत आली. रुमालात गुंडाळून नवऱ्याचा एक पासपोर्ट फोटो आणला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणाली, "पायलच्या बाबाले तिच्या बाजूले उभं करून देता काय? तुमाले जमते म्हन्तेत." असं काम आम्ही करतो. गेलेल्या माणसाचा चेहरा घ्यायचा आणि तयार अंगावर बसवायचा. मी कॉम्प्युटरवर कोटातली अंगं दाखवली. ती म्हणाली, "कोट नोको. त्याईनं जल्मात घातला नाई. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. अन् हात पोरीच्या डोक्शावर."

तसं अंग माझ्याकडे नव्हतं. मग मीच पांढरा सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा घेतला, कॅमेऱ्याला टायमर लावला आणि हवेत हात धरून उभा राहिलो. त्यांचा चेहरा माझ्या मानेवर बसवला. मापात बसला. माझे हात दुकानात बसून गोरे पडलेले, ते उन्हातल्या माणसाचे दिसावेत म्हणून काळवंडवले, नखांत थोडी माती भरली. ते काम मी मन लावून केलं, हेही सांगतो. इतकं मन लावून आयुष्यात कुठलंच केलं नसेल.

जाळीचा मूळ फोटो अजून माझ्याकडे आहे. कुसुमबाईंचा नंबरही आहे. कधी लावला नाही.

सुमित्राबाई फोटो न्यायला आली. फ्रेम दोन्ही हातांत धरली. मग पायलच्या डोक्यावरल्या त्या हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चेहरा त चेहरा, पन हात कसा हुबेहूब त्याईचाच निंगला, भाऊ." मी फ्रेम कागदात बांधून दिली. तिच्या घरात समोरच्या भिंतीवर तो फोटो आहे. ती रोज सकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लावते, फोटोतल्या पावलांना हात लावून नमस्कार करते.

ती पावलं माझी आहेत. तो हात माझा आहे.