तळहाताएवढी डबी

माझ्या मामाने टीव्हीचा अँटेना लहान करण्यासाठी अकरा वर्षं जिवाचं रान केलं. हातभर दांड्याची त्याने तळहातावर मावणारी डबी केली. कारखान्यातल्या चाचणीत चित्र स्वच्छ आलं. साहेबांनी पाठ थोपटली.

मामाला मात्र चैन पडेना. त्याने डबीची लांबलचक वायर कापून वीतभर केली, तर पडदा काळा ठिक्कर. डिजिटल टीव्हीला मुंग्या येत नाहीत. चित्र येतं, नाहीतर येतच नाही. म्हणजे सिग्नल डबी पकडत नव्हतीच, वायर पकडत होती.

तो तडक साहेबांकडे गेला. "चूक झाली साहेब. अजून वर्षभर द्या."

"कशाला? वायर लांबच देऊ की!"

पुढे कारखान्यातल्या त्या शहाण्यांनी डबीतली अँटेनाची तांब्याची पट्टीच काढून टाकली. रिकाम्या डब्या धडाधड खपल्या. एक तक्रार आली नाही.

निवृत्तीच्या दिवशी मामाला त्यातलीच एक डबी भेट मिळाली. मामी येईल-जाईल त्याला कौतुकाने दाखवते, "ह्यांनीच केलीय हो!" पण ती लोंबणारी वायर गुंडाळायला गेली, की मामा खेकसतो, "हात लावू नकोस तिला!"