न आलेलं बोलावणं

‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं कुणी विचारलं की हॉलंडमधल्या रायस्वाइकची सुचित्रा साळवे ‘नगरची’ म्हणायची आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. तो ठरलेलाच असायचा. ‘ख्रिस्ती ना? मग घरी इंग्रजीच बोलत असाल!’ आता काय सांगायचं? तिच्या आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पेटी-तबल्यावर मराठी भजनं म्हणणारं घर ते. सुचित्राचा हात पेटीवर बसला तोही चर्चमध्येच. पण दर वेळी हे पुराण लावणार कोण?

द हेगला भारतीय ख्रिस्ती लोकांची उपासना व्हायची, तिथं ती नेमानं जायची. प्रवचन इंग्रजीत, गाणी मल्याळममध्ये. माणसं लाख चांगली, पण गाणं सुरू झालं की ही ओठ मिटून उभी. घराशेजारची बाई सुरिनामहून आलेली हिंदुस्तानी. तिची भाषा भोजपुरी वळणाची, मध्ये मध्ये डच, त्यामुळे दोघींचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं. लेक ईशानी तेरा वर्षांची. तिला आईचं मराठी कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये. मनातलं बोलायला राहिला एक नवरा, सारंग. आणि मराठी मंडळ.

मंडळाशी गाठ पडली ती गणपतीमुळे. आरतीला पेटी वाजवणारं कुणी नव्हतं. मंडळाचा सगळा कारभार पाहणाऱ्या पुण्याच्या मंजूषाताईंनी जरा चाचरतच विचारलं, “तुम्हाला चालेल का हो?” सारंग म्हणाला, “न चालायला काय झालं? सूर तेच आहेत की!” आणि तबल्यावर जाऊन बसला. तेव्हापासून साळवे नवरा-बायकोशिवाय मंडळाची आरती झाली नाही. सुरुवातीला एकदोघांनी नाकं मुरडलीही असतील, पण बेसूर आरतीपेक्षा हे बरं, एवढं त्यांनाही कळत होतं.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये सारंग सायकलवरून ऑफिसला निघाला आणि रस्त्यातच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चर्चमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला मंडळातली सगळी आली. मागच्या बाकांवर अवघडून बसली, कधी उभं राहायचं ते इतरांकडे बघून ठरवत होती. मंजूषाताई त्यानंतर कितीतरी दिवस वरणभाताचा डबा घेऊन येत राहिल्या. पुढे हळूहळू ज्याचा तो आपल्या संसारात गुंतला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

नगरहून भाऊ श्रीनिवास सारखा फोन करायचा. “ताई, परत ये. तिथं आता कोण आहे तुझं?”

“आहेत रे माझी माणसं,” ती म्हणायची. “नोकरी आहे, ईशानीची शाळा आहे. गणपती येऊ देत, बघ सरावाला घर कसं भरून जातं ते.”

ऑगस्ट आला. दर वर्षी या सुमारास मंजूषाताईंचा फोन यायचा, सराव कधी, मोदक किती. या खेपेला फोन आलाच नाही. उद्या येईल, परवा येईल असं करता करता चतुर्थी उजाडली. सुचित्रानं रजा काढली, साडीला इस्त्री करून ठेवली. संध्याकाळी ईशानीनं डचमध्ये विचारलं, जायचं नाही का?

“बोलावलं नाही आपल्याला.”

पोरीनं बूट काढून ठेवले. सुचित्रानं दिवा लावला नाही की जेवणही केलं नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आपणहून फोन केला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण बोलावल्याशिवाय जाणं हे आपल्या माणसांच्या रक्तातच नाही, मग ती देवळात जाणारी असोत की चर्चमध्ये. दसरा तसाच गेला, दिवाळीही तशीच. सुचित्राच्या मनानं घेतलं की अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांनी शवपेटी बघितली, क्रूस बघितला, तेव्हा त्यांना खरं कळलं आपण कोण ते. सारंगच्या गोड बोलण्यावर इतकी वर्षं खपून गेलं, एवढंच. हा विचार तिला आतून पोखरत गेला, आणि दिवाळी सरता सरता तिनं भावाला सांगून टाकलं, “येते.”

ईशानीनं आकांत मांडला. मैत्रिणी, शाळा, सायकल, सगळं तिचं इथलं. “मी तिथं कुणाशी आणि काय बोलू?” असं ती रडत विचारायची, तेही डचमध्येच. तरी राजीनामा गेला, घर सोडल्याचं कळवून झालं, नगरच्या शाळेत नाव घातलं गेलं.

जानेवारीत, खोक्यांना चिकटपट्ट्या लागत असताना मंजूषाताई धापा टाकत आल्या.

“सुचित्रा, अगं मला दुकानात कळावं हे? आणि मी इथं वर्ष कधी संपतंय त्याची वाट बघत बसलेय!”

“कसलं वर्ष, ताई?”

“सारंगचं गं. घरचं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो ना. बोलावलं असतं तर तुला नाही म्हणणं जड गेलं असतं. म्हणून सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती मी, सुचित्राला कुणी फोन करून पेचात टाकायचं नाही. गणपतीत पेटीवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. मार्च झाला की पहिलं जेवण माझ्याकडे, असं ठरवून ठेवलं होतं गं!”

‘आमच्यात वर्ष पाळत नाहीत हो,’ हे शब्द अगदी सुचित्राच्या ओठांवर आले. परकी म्हणून बाजूला काढलं असं ती धरून बसली होती, आणि या बाईनं सख्ख्या बहिणीचं पाळावं तसं तिचं वर्ष पाळलं होतं. घर गेलं होतं, नोकरी गेली होती. ते शब्द आता उच्चारले, तर ही बाई ते ओझं जन्मभर वाहणार.

“खरं सांग,” मंजूषाताईंनी विचारलं. “आमचं काही चुकलं का गं?”

“छे हो. ईशानीला मराठी लिहिता-वाचता यायला हवं ना, म्हणून चाललेय.”

मंजूषाताईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “हे मात्र अगदी योग्य केलंस हं!”