एक चप्पल घरी ठेवलेली मुलगी

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना तिला ताप आला, तो मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले, आणि ताप उतरला तेव्हा तिचं ऐकणं गेलेलं होतं. ते कळायलाही आम्हाला काही महिने लागले. आई मागून हाक मारायची, ती वळायची नाही, आणि आई म्हणायची, लई हट्टी आहे. मग एकदा भरलेलं पातेलं ओट्यावरून फरशीवर पडलं. मी दचकून उभी राहिले. ती शेजारीच बसून भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढत होती, ती तशीच ओढत राहिली. आईनं ते पाहिलं. त्या दिवशी आई जेवली नाही.

आम्ही तेव्हा बजाजनगरात राहायचो. देवगाव रंगारीची थोडी शेती भावांवर सोडून बाबा वाळूजच्या एका कारखान्यात लागले होते. एका रांगेत सहा खोल्या, त्यातली तिसरी आमची. माझ्यात आणि धाकटीत पाच वर्षांचं अंतर. शाळेतून आले की तिला सांभाळायचं काम माझं, त्यामुळं तिच्याशी बोलायची रीत मीच शोधून काढली. कपाळावर बोट टेकवलं की आई. पाना फिरवल्यासारखं मनगट फिरवलं की बाबा. वेणी ओढली की मी. स्वतःला ती गुडघ्यावरच्या जखमेच्या खुणेनं ओळखायची, तिथं दोनदा टिचकी मारायची. दोन्ही तळवे एकमेकांना टेकवून छप्पर केलं की घर. गालाखाली हात घेऊन मान कलती केली की झोप, आणि एक झोप म्हणजे एक दिवस. 'परवा मामा येणार' हे सांगायला दोनदा मान कलती करायची. आई-बाबांना यातल्या पाच-सहा खुणा यायच्या. बाकीचं काही सांगायचं झालं की ते मला बोलवायचे.

रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं. बाहेरच्या देशातलं, हिंदीत बोलणं घातलेलं. आमच्याकडं टीव्ही नव्हता. शेजारच्या खोलीत एक मुसलमान कुटुंब होतं, त्यांचा रंगीत टीव्ही होता. चाचा बाबांच्याच कारखान्यात लेथवर होते. चाचीला मूल नव्हतं. रविवारी आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो की ती पडदा बाजूला सारायची आणि चटई टाकायची.

कार्टून एका मुलीचं होतं. ती आजीच्या धान्याच्या कोठारात लपायला जाते, तिथं तिला खाली उतरणारा एक जिना सापडतो, आणि उतरता उतरता ती दुसऱ्याच जगात निघते. धावपळीत तिची एक चप्पल वरच्या पायरीवर राहते. त्या जगात झाडांना दिवे लागायचे, माणसांच्या माना लांब होत्या आणि घरं पाण्यावर तरंगायची. मुलगी दर भागात घरी जायचा जिना शोधायची आणि भाग संपेपर्यंत तो दुसरीकडंच निघायचा.

त्या जगातली माणसं मुलीशी कुठल्यातरी अगम्य बोलीत बोलायची. तो नुसता आवाजांचा गोंधळ होता आणि आमच्या रांगेतली पोरं त्याची नक्कल करत हसायची. पहिल्या भागात ती मुलगी बाजारात उभी आहे, सगळे तिच्याकडं बघून तोंडं हलवताहेत आणि तिला एक अक्षर कळत नाही, असं दाखवलं होतं. धाकटीनं माझी बाही ओढली. पडद्यावरच्या मुलीकडं बोट केलं आणि मग आपल्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली.

चाची हे बघत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून ती मुलगी धाकटीची झाली. तिची खूण म्हणजे एक पाय जमिनीवर आपटायचा, कारण तिच्या एकाच पायात चप्पल होती. शनिवारपासूनच धाकटी पाय आपटत माझ्यामागं फिरायची. मी कार्टून बघता बघता हातांनी तिला सांगायचे कोण काय म्हणालं ते. कधी मलाही नीट कळायचं नाही, मग मी माझ्या मनानं जोडून द्यायचे. तिला ते कधी खोटं वाटलं नाही. टीव्ही बंद झाल्यावरही ती माझ्या हातांकडं बघत बसायची, अजून काही येईल म्हणून.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा घरात तिच्या शाळेचं बोलणं सुरू झालं. शहरात बहिऱ्या मुलांची शाळा होती, पण बाबांच्या पाळ्या बदलत्या आणि आईला एकटीनं रोज नेणं-आणणं जमणारं नव्हतं. डॉक्टरांनी पुण्याकडच्या एका गावातली शाळा सुचवली. तिथं राहायची सोय होती. बाबा जाऊन बघून आले. चांगली आहे म्हणाले. जून महिन्यात सोडायचं आणि दिवाळीला आणायचं असं ठरलं.

हे धाकटीला कसं सांगायचं, यावर आई-बाबा दोन दिवस नुसतेच बसून होते. शेवटी आईनं मला बाहेर ओट्यावर नेलं.

"तुझंच समजतं तिला. तूच सांग," ती म्हणाली. "पण रडायला नको लावू. कसंही कर, खुशीत जाऊ दे."

मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, मोठं काम दिलंय आपल्याला.

मी धाकटीसमोर बसले. पाय आपटला, म्हणजे ती मुलगी. मग तिच्या गुडघ्याला हात लावला, म्हणजे तू. बोटांनी जिना उतरून दाखवला. तू त्या मुलीसारखी दुसऱ्या जगात जाणार आहेस. तिचा चेहरा असा उजळला की मला आणखी जोर आला. तिथं तुझ्यासारखी खूप मुलं आहेत, खेळणी आहेत, आणि मग तू घरी परत येणार. मी छप्पर केलं.

तिनं लगेच विचारलं, किती? मान कलती करून ती थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

दिवाळीला चार-साडेचार महिने होते. तेवढ्या झोपा दाखवता आल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. निदान खूप म्हणून तरी सांगता आलं असतं. दोन्ही हात पसरले की खूप, ही खूण तिला येत होती. पण आई दारात उभी राहून बघत होती आणि धाकटीचा चेहरा अजून तसाच उजळलेला होता. मी गालाखाली हात घेतला आणि एकदाच मान कलती केली.

एक झोप.

ती टाळ्या वाजवत आईकडं पळाली. आईनं तिला उचलून घेतलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली, बरं झालं अशा अर्थी.

निघायच्या दिवशी पहाटेची गाडी होती. बाबांच्या खांद्यावर पेटी, आईच्या कडेवर धाकटी, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. स्टँडवर खाली उतरवलं तेव्हा दिसलं की तिच्या एकाच पायात चप्पल आहे. आई माझ्यावर चिडली, नीट घालता आली नाही का म्हणाली. धाकटी हसत होती. तिनं दुसरी चप्पल मुद्दाम घरी ठेवली होती, उंबऱ्याच्या आत. गाडीतून उतरल्यावर बाबांनी स्टँडबाहेरून तिला नवा जोड घेतला, पण ती तो पायात घालून घ्यायला तयार होईना. शेवटी पिशवीत टाकला.

त्या शाळेच्या फाटकातून ती एक पाय आपटत आत गेली. एक बाई तिला झोपायची खोली दाखवायला घेऊन गेल्या आणि दुसऱ्या बाई आम्हाला म्हणाल्या, आता निघा, रडारड बघून गेलात तर दोघांनाही त्रास होतो. आम्ही निघालो. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वळायचं कारणच तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या खोलीत जागी झाले आणि मला पहिली गोष्ट आठवली ती हीच, की तिची एक झोप आता झाली. ती उठून बसली असेल. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिले. आईला वाटलं, मला ताप आहे.

रविवारी सवयीनं चाचीच्या दारात उभी राहिले. चाचीनं चटई टाकली, टीव्ही लावला, आणि विचारलं की तिला काय सांगून पाठवलं. मी सांगितलं. चाचीनं उठून टीव्ही बंद केला.

"झूठ बोलके भेजी तू उसको?" ती हळू आवाजात म्हणाली. "वो तो तेरे हाथां देखके चलती थी."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला रडता आलं असतं. तिनं माझ्या हातात बिस्किटं दिली, आणि मी ती मुठीत तशीच धरून घरी आले. ते कार्टून मी परत पाहिलं नाही. ती मुलगी शेवटी घरी पोचली का, हे आमच्या रांगेतली पोरं वेगवेगळं सांगायची. मी कुणाला विचारलं नाही.

दिवाळीला बाबा तिला घेऊन आले. केस बारीक कापलेले, उंची वाढलेली, हातावर शाईचे डाग. ती आईच्या गळ्यात पडली. चाचीकडं जाऊन आली. मी मध्ये उभी होते. ती माझ्यासमोर आली तेव्हा मी हात उचलले, वेणी ओढून दाखवणार होते, मी, मी, म्हणून.

तिनं डोळे मिटले.

मला वाटलं, डोळ्यात काही गेलं. मी थांबले, तिनं डोळे उघडले. मी पुन्हा हात उचलले, तिनं पुन्हा मिटले. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. कुणी बोलू लागल्यावर कानांवर हात ठेवावेत तसंच ते. माझे हात खाली गेले की ती डोळे उघडायची. दहा दिवस ती घरात होती. माझ्या हातून करंजी घेतली, माझ्या शेजारी झोपली, माझ्याशी लगोरी खेळली. पण मी काही सांगायला हात उचलले की डोळे बंद. आईनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, शाळेत काहीतरी नवीन शिकून आलीय. मी आईला काही सांगितलं नाही.

पुढं ती तिथंच वाढली. डोळे मिटणं एक-दोन वर्षांत सुटलं, पण तोवर माझ्या खुणांची तिला गरज राहिली नव्हती. शाळेत तिला खरी भाषा मिळाली होती. तिची बोटं इतकी भरभर चालायची की मला एक शब्दही लागत नसे, आणि तिच्या मैत्रिणी घरी आल्या की आमच्या खोलीत नुसतं हसणं आणि हात. मी ती भाषा शिकायला हवी होती. आधी दहावी होती, मग नोकरी, मग लग्न. आम्ही एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, नंतर फोनवर मेसेज. कशी आहेस. बरी आहे. आईचं बीपी कसं आहे. तिचं लग्न तिच्याच शाळेतल्या मुलाशी झालं, तोही ऐकत नाही. पुण्यात दोघांच्या नोकऱ्या आहेत. त्यांच्या मुलीला मात्र छान ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. बजाजनगर सोडून आम्हाला शहरात, गारखेड्यात येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. धाकटी वर आली, मागोमाग तिची नऊ वर्षांची लेक. धाकटीनं लेकीकडं वळून काहीतरी सांगितलं.

"मावशी, मम्मी विचारतेय," ती म्हणाली, "तिला होस्टेलला सोडून निघालात तेव्हा आजोबा रडले होते का?"

मी सांगितलं की हो. बाबांनी पहिली गाडी सोडून दिली. परत शाळेच्या भिंतीपर्यंत चालत गेले, बाहेरच उभे राहिले, आणि मग आले. मुलीनं ते हातांनी सांगितलं. धाकटी लक्ष देऊन बघत होती.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "तिला सांग, मी खोटं बोलले होते. एकच झोप म्हणून सांगितलं होतं."

मुलीला कळेना. तिला समजावून सांगावं लागलं, ते कार्टून, ती खूण, सगळं. ती ऐकत गेली तशी गंभीर झाली. मग आईकडं वळून तिनं सांगितलं.  धाकटीचे हात हलले, सावकाश.

"मम्मी म्हणते, पहिल्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही, तेव्हा तिला वाटलं, रात्री तिला नीट झोप लागली नसेल. म्हणून ती झोप मोजली गेली नसेल." मुलगी थांबली. आईच्या हातांकडं बघून पुढं म्हणाली, "मग ती दिवसापण झोपायची. जेवायच्या वेळी पण. नीट झोपायचा प्रयत्न करायची. किती दिवस ते तिला आठवत नाही."

हातातली चादर मी घडी न करताच धरून होते.  धाकटीनं चादरीचं दुसरं टोक धरलं, आम्ही घडी केली, आणि ती कपडे घेऊन खाली गेली. मुलगी माझ्याजवळ थांबली.

"मावशी, मी बरोबर सांगितलं ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, बरोबर सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. रात्री धाकटीचा मेसेज आला, पोचलो. आईनं मला विचारलं, गच्चीवर तुम्ही दोघी काय बोलत होता. मी म्हटलं, बाबांचं. आई म्हणाली, बरं झालं, बोलत जा. तिला आता पंच्याहत्तर होतील. बाकीचं तिला कधी सांगायचं नाही असं मी ठरवलंय. धाकटीनंही सांगितलेलं नाही. पण त्या नऊ वर्षांच्या पोरीला ते सगळं आपल्या हातांतून आणि तोंडातून न्यावं लागलं. मला ते राहून राहून टोचतं.