म्युनिसिपालटीच्या झेंड्याची गाठ

एवढी वर्षं उलटली, तरी त्या दिवसाची एकूण एक गोष्ट मला लख्ख आठवते. कायदेभंगाचं वर्ष होतं. कुलाबा जिल्ह्यातल्या एका बंदरगावी मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच आमचा खबऱ्या, एक न्हावी, धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, म्युनिसिपालटीवर तिरंगा लागलाय!"

गच्चीचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे कोणीतरी चावीने उघडून पुन्हा लावलेलं. चाव्या तिघांकडे: म्युनिसिपालटीचा शिपाई, हेडक्लार्क आणि खुद्द अध्यक्ष. जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाची तार आली, संध्याकाळपर्यंत आरोपी हजर करा. अशा वेळी पहिला बळी कोणाचा जातो हे सांगायला नको. शिपायाला आणून कोठडीत बसवला.

हा मूळचा माणगावकडचा शेतकरी. बायको वारलेली, पदरात तीन मुली. दोन तास विचारलं, उत्तर एकच, "मला ठावं न्हाय." हवालदार म्हणाला, "दोन रट्टे द्या साहेब, पोपटासारखा बोलेल." मी त्याला झापला. रट्टे खाल्लेला माणूस बोलतो खरा, पण आपल्याला हवं तेच बोलतो. हे मी आधीच्या ठाण्यात चूक करून शिकलो होतो.

मग पंचनाम्यासाठी गच्चीवर गेलो. झेंड्याच्या दोरीची गाठ काही केल्या सुटेना. हवालदाराने चाकू काढला, त्याला मी थांबवलं आणि धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, पंच म्हणून बोलावलं. त्याने एका टोकाला हिसका दिला आणि दोरी मोकळी झाली.

"ही शिडाची गाठ, सायेब," तो हसत म्हणाला. "वारा वडंल तवरी घट व्हते. होरीवर वाढलेल्या मानसाबिगर कोनाला जमायची न्हाय." मग आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो मान खाली घालून दोरी गुंडाळू लागला.

शिपायाने उभ्या जन्मात शीड बांधलं नव्हतं. हेडक्लार्कला तर मचवा नुसता पाहूनच मळमळायचं. राहिले अध्यक्ष.

अध्यक्ष मूळचे कोळीवाड्यातले, तांडेलाचा मुलगा. चार इयत्ता शिकून बापाच्या होडीवर गेले, पुढे एका वकिलाकडे कारकून झाले. दोन निवडणुका हरले. "कोळ्याला बसवलं तर खुर्चीला वास येईल," असं लोक तोंडावर म्हणायचे. गडी हटला नाही. तिसऱ्यांदा निवडून आले आणि पुढे अध्यक्षही झाले. कोट-टोपी आली, बोलणं शुद्ध झालं, पण हात जुनेच राहिले होते.

मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "अध्यक्षसाहेब, गाठ होडीवरची आहे. आणि शिपाई सकाळपासून कोठडीत आहे."

ते म्हणाले, "काल मिठासाठी तुम्ही आमची माणसं धरलीत. मला राहवलं नाही. पण उद्या सभेत कोळीवाड्याच्या नळाचा ठराव आहे. मतं समसमान पडणार. माझं मत देऊन मी आपणहून हजर होणार होतो."

मला संताप आला. "आणि तोवर त्याच्या मुलींना कोण जेवू घालणार? त्याची नोकरी आजच जाईल."

त्यांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी कोट चढवला. "चला. बेड्या घालताय?"

"नको. तुम्ही पुढे चला."

ठाण्यात ते आधी कोठडीपाशी गेले आणि शिपायाला हात जोडले. शिपाई ओक्साबोक्शी रडायला लागला. "मी पाह्यलं व्हतं साहेब तुमास्नी. पन तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं नसतं." हे ऐकून माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

शिपाई सुटला, नोकरी टिकली. अध्यक्षांना सहा महिन्यांची सजा झाली, खुर्ची गेली. एका मताअभावी ठराव पडला आणि कोळणी लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत राहिल्या. मला वरून शाबासकीचा कागद आला, तो मी बायकोलाही दाखवला नाही.

खरा माणूस सापडला की आपलं काम संपलं, अशी तोवर माझी समजूत होती. खऱ्याचाही भुर्दंड असतो आणि तो बहुधा भलत्यांनाच बसतो, हे त्या प्रकरणाने शिकवलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन.

वर्षभराने अध्यक्ष मला धक्क्यावर जाळं विणताना भेटले. मी विचारलं, "माझा राग असेल ना?"

"राग कसला?" ते म्हणाले. शुद्ध भाषा त्यांनी सोडून दिली होती. "पानी आज ना उद्या येल. पन त्या दिसाला तुमी आलं नसतं, आन मी गप बसलो असतो, तर त्या शिपायाच्या पोरींना जलमभर तोंड दावता आलं नसतं."