माळवदावरची फिल्म

“दम धरा. हलू नका.” काळ्या कापडाआडून एवढं ऐकू आलं की आमच्या पेठेतला कितीही उनाड माणूस गप्प बसायचा. तुमच्या घरच्या जुन्या फोटोत कुणी डोळे वटारून, गुडघ्यांवर पंजे टेकून बसलेलं असेल, तर त्याला असलाच एखादा फोटोवाला जबाबदार समजा. सोलापुरात आमचे फोटोवाले या कामी नामांकित होते. नवरदेव असो की गिरणीत माणसं हाकणारा जॉबर, त्यांच्यापुढे हलायची कुणाची टाप नव्हती.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसून फोटोंना रंग भरायचो, गालांवर गुलाबी, शालूवर हिरवा. ते मागे उभे राहून म्हणायचे, “मास्तर, जित्ता वाटू द्या की.” माणसाचा पुतळा त्यांनी करायचा आणि त्याला जिवंत मी करायचं, अशी आमची वाटणी होती. असं बोलून दाखवलं की ते हसायचे.

मग वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खोकला लागला. डॉक्टरांनी वहिनींना हवापालट करायला सांगितलं आणि ओसरीवर येऊन फोटोवाल्यांना खरं ते सांगितलं. क्षय होता. दोन मुली, त्यातली धाकटी जेमतेम बोलू लागलेली. तिला आई आठवणार नाही, याच गोष्टीने ते खचले. मी म्हटलं, वहिनींचे फोटो आहेत की ढीगभर. ते म्हणाले, “फोटोत ती कुटं हाय, मास्तर? तितं नुसती साडी उभी हाय.”

विलायतेला परत निघालेल्या गिरणीतल्या एका साहेबाकडून त्यांनी सिनेमा काढायची चावीची पेटी विकत घेतली, आणि भिंतीवर चित्र पाडायचं यंत्रही. फिल्म मात्र एकच उरली होती.

त्या वैशाखात गावाचं लक्षण ठीक नव्हतं. पुढाऱ्यांना पकडल्याची बातमी आली, गिरण्यांचे भोंगे बंद पडले, आणि ज्या भोंग्याला आम्ही रोज शिव्या द्यायचो त्याच्यावाचून सकाळी कसंसंच होऊ लागलं. बोळातून माणसांचे लोंढे जात. हे शांत होऊ द्या, मग काढा, असं मी सुचवलं. “तिला कुटं दम हाय थांबायला?” ते म्हणाले.

सकाळी घराच्या सपाट माळवदावर, कठड्याला पाठ लावून, वहिनी आणि मुली उभ्या राहिल्या. मागे खाली बोळ. फोटोवाल्यांनी पेटीला डोळा लावला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, “हलत ऱ्हावा की.”

कुणी हललं नाही. इतकी वर्षं त्यांनीच तर शिकवलं होतं. बोला, चाला, पोरीची वेणी घाला, असं ते काकुळतीला येऊन सांगत होते, आणि तिघी हात सरळ सोडून उभ्या. धाकटीने तर श्वास रोखून गाल फुगवले. मला हसू आवरेना. फिल्म संपत आली तेव्हा खालून गलका उठला. निशाणं घेतलेला जमाव बोळात शिरला होता. वहिनींनी मागे पाहिलं. आधी मान वळली, मग पदर खांद्यावर घसरला, मग आमच्याकडे हसून बघत त्यांनी हात वर केला. निदान मी तसंच सांगत आलो.

त्याच दुपारी गोळीबार झाला. काही दिवसांत गाव लष्कराच्या ताब्यात गेलं. पांढऱ्या टोपीला बंदी झाली आणि माणसं उघड्या डोक्याने भिंतीच्या कडेकडेने चालू लागली.

फिल्म धुवायला टपालाने बाहेरगावी पाठवावी लागे, पण टपाल बंद होतं, म्हणून ती त्यांनी घरीच धुतली. दुपारी मुली निजल्यावर खिडक्या लावून, भिंतीवर धोतर टांगून, ती आम्ही पाहिली. तिघीजणी अशा उभ्या की मला वाटलं, यंत्रच अडकलं. मग वहिनी वळल्या. अंथरुणावर बसलेल्या वहिनींनी स्वतःलाच पाहून तोंडावर हात धरला.

आणि त्यांच्या मागे बोळ दिसला. चेहरे अगदी स्वच्छ. सगळ्यांत पुढे समोरच्या घरातल्या विणकराचा थोरला मुलगा, खांद्यावर निशाण घेऊन, थेट आमच्याकडे बघून हसत होता. त्याची आई तेलुगू बोलणारी. वहिनींना ती अक्का म्हणायची आणि रोज पेज करून आणायची.

संध्याकाळी कळलं की दुसऱ्या एका फोटोवाल्याच्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, पोलिसांनी नेल्या आणि त्यांतले चेहरे बघून घराघरांतून माणसं उचलली. आमच्या माळवदावरच्या पेटीची गोष्टही कुणीतरी पोलिसांच्या कानावर घातली होती.

मी म्हटलं, तेवढा तुकडा कापून टाका. त्यांनी खिडकीच्या उजेडात फिल्म बोटांतून सरकवत नेली आणि एका जागी थांबले. “मास्तर, जितं ती हालती, तितंच त्यो हाय.”

वहिनी अंथरुणावरून म्हणाल्या, “जाळा ते. माझ्यापायी तिचं पोरगं नगं.”

“मग पोरींना काय दावू मी?”

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं. मग फोटोवाल्यांनीच उठून न्हाणीतला बंब पेटवला आणि फिल्म त्यात टाकली. मला वाटलं होतं फिल्म भडकेल, पण ती नुसती आकसली, वितळली आणि घरभर घाण वास सुटला. बंबातलं पाणी तापलं आणि तसंच निवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी घर धुंडाळलं, काचा फोडल्या, पेटी नेली. हाती काही लागलं नाही. दसऱ्याच्या आत वहिनी गेल्या. विणकराच्या थोरल्याने खांदा दिला.

त्यानंतर फोटोवाल्यांच्या तोंडून “हलू नका” कधी ऐकलं नाही. ते भिंगावरचं झाकण काढत आणि गप्प उभे राहत. गिऱ्हाइकं हलत, फोटो पुसट येत, लोक दुसरीकडे जाऊ लागले. संध्याकाळी मात्र माझ्या मागे येऊन म्हणत, “मास्तर, सांगा की, कशी वळली?” मी सांगायचो. एखाद्या वेळी घाईत पदर आधी सांगितला की ते लगेच अडवायचे. “न्हाय, आदी मान.” हे वर्षानुवर्षं चाललं. मला कधी कधी कंटाळाही यायचा, पण सांगायचो.

एकदा मी एका शालूच्या काठात गुंतलो होतो. त्यांनी विचारलं. मी बोलून गेलो, आधी हात वर केला, मग मान वळली, मग पदर. ते म्हणाले, “व्हय, तसंच.”

घरी जाताना मी काय सांगितलं ते माझ्या लक्षात आलं, आणि त्यांनी अडवलं नाही हेही. परत जाऊन दुरुस्त करायचा मला धीर झाला नाही.

त्या थंडीत ते गेले. थोरली लग्न होऊन सासरी गेली होती; धाकटीला न्यायला मोहोळहून मामा आले. ट्रंक बांधून झाल्यावर ती दुकानात आली, माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तरकाका, आई कशी वळली होती?”

मी ब्रश खाली ठेवला. आधी मान की आधी हात, मला सांगता येईना.